मोजणीतून आकाराकडे : वक्रांच्या मोड्युलाय अवकाशांच्या अभ्यासातील बीजगणितीय कॉम्बिनेटोरिक्सची चिकित्सा

सारांश :

बैजिक वक्रांच्या मोड्युलाय अवकाशाचा आकार समजून घेणे हा आधुनिक भूमितीतील एक मध्यवर्ती प्रश्न आहे. गेल्या चार दशकांत या प्रश्नाच्या उकलीसाठी आलेख, वृक्ष, क्रमचय आणि सममित फले यांची मोजणी करणाऱ्या बीजगणितीय कॉम्बिनेटोरिक्सचा आधार मोठ्या प्रमाणावर घेतला गेला. मेलडी चॅन, सोरेन गालाटिउस आणि सॅम पेन यांचा २०२१ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध हा या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा होय. प्रस्तुत लेखात या निबंधाचे योगदान, त्यामागील पद्धती आणि त्या पद्धतीच्या मर्यादा यांची चिकित्सा केली आहे. मोजणीमुळे अवकाशात 'काहीतरी आहे' हे खात्रीने कळते. मात्र ते 'कोठे आहे' आणि 'का आहे' हे कळण्यासाठी मोजणीबाहेरील ज्ञानाची गरज पडते, अशी मांडणी येथे केली आहे.

बीजसंज्ञा : मोड्युलाय अवकाश, आलेख, कोहोमॉलॉजी, भार, ऑयलर लक्षणांक, उष्णकटिबंधीय भूमिती.

१. प्रस्तावना

गणितात एखाद्या वस्तूचा अभ्यास करताना त्या प्रकारच्या सर्व वस्तूंचा एकत्रित अभ्यास करण्याची पद्धत जुनी आहे. प्रतलातील सर्व त्रिकोण विचारात घेतले, तर प्रत्येक त्रिकोण हा तीन बाजूंच्या लांबींनी ठरतो. म्हणजेच 'सर्व त्रिकोणांचा' मिळून एक स्वतंत्र अवकाश तयार होतो व त्या अवकाशातील प्रत्येक बिंदू हा एकेक त्रिकोण असतो. अशा अवकाशास मोड्युलाय अवकाश म्हणतात. त्रिकोणांऐवजी रीमान पृष्ठे, म्हणजेच बैजिक वक्र घेतले, की वक्रांचा मोड्युलाय अवकाश मिळतो. पृष्ठाला असलेल्या भोकांच्या संख्येस जीनस म्हणतात. चेंडूच्या पृष्ठाचा जीनस ०, तर मेदूवड्याच्या पृष्ठाचा जीनस १ असतो. या लेखात जीनससाठी 'ग' हे अक्षर वापरले आहे. जीनस २ वा त्याहून अधिक असल्यास या अवकाशाची वास्तव मिती ६ग − ६ इतकी असते. ही गोष्ट रीमान यांना एकोणिसाव्या शतकातच ज्ञात होती.

मिती कळली म्हणजे आकार कळला असे मात्र नव्हे. अवकाशाला किती व कोणत्या प्रकारची 'भोके' आहेत, हे मोजण्याचे साधन म्हणजे कोहोमॉलॉजी. प्रत्येक पातळीवर कोहोमॉलॉजी एक संख्या देते. त्या संख्येस बेट्टी संख्या म्हणतात. जॉन हेरर यांनी १९८६ साली सिद्ध केले, की जीनस 'ग' असलेल्या वक्रांच्या मोड्युलाय अवकाशाची परिमेय कोहोमॉलॉजी ४ग − ५ या पातळीनंतर शून्य असते. खालच्या पातळ्यांवरील चित्रही बऱ्याच अंशी स्पष्ट आहे. हेरर यांचे १९८५ सालचे स्थैर्य प्रमेय आणि मम्फर्ड यांच्या १९८३ सालच्या अटकळीची मॅडसेन व वाइस यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेली सिद्धता यांमुळे जीनसच्या तुलनेत लहान असलेल्या पातळ्यांवर काय आहे, हे पूर्णपणे ज्ञात झाले. प्रश्न उरतो तो मधल्या आणि वरच्या पातळ्यांचा. बीजगणितीय कॉम्बिनेटोरिक्सचा खरा कस याच प्रदेशात लागतो.

२. मोजणीची परंपरा

या अवकाशांच्या अभ्यासात मोजणीचा शिरकाव कसा झाला, हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट करता येईल. एक चौरस घ्यावा आणि त्याच्या चार बाजूंच्या दोन जोड्या पाडून प्रत्येक जोडीतील बाजू एकमेकींना अशा रीतीने चिकटवाव्यात, की तयार होणारे पृष्ठ दिशाक्षम राहील. अशा जोड्या ३ प्रकारे पाडता येतात. त्यांपैकी २ प्रकारांत चेंडूचे पृष्ठ मिळते आणि १ प्रकारात मेदूवड्याचे. षट्कोन घेतला तर जोड्या पाडण्याचे १५ प्रकार होतात. ५ प्रकारांत चेंडू आणि १० प्रकारांत मेदूवडा मिळतो. ही मोजणी हाताने करता येण्याजोगी आहे. हेरर आणि डॉन झागिर यांनी १९८६ साली नेमकी हीच मोजणी कोणत्याही समभुज बहुभुजासाठी पूर्णत्वास नेली आणि तिच्या आधारे मोड्युलाय अवकाशाचा ऑयलर लक्षणांक काढला.

त्यांच्या सूत्रानुसार एक बिंदू चिन्हांकित केलेल्या जीनस 'ग' च्या वक्रांच्या अवकाशाचा लक्षणांक म्हणजे रीमान यांच्या झीटा फलाची १ − २ग या ठिकाणची किंमत होय. जीनस १ साठी ती उणे एक बारांश इतकी येते, तर जीनस २ च्या बिंदुविरहित वक्रांसाठी संबंधित किंमत उणे एक दोनशेचाळिसांश आहे. लक्षणांक अपूर्णांकात येण्याचे कारण असे, की ज्या वक्रांना स्वतःच्या सममिती असतात, ते त्या सममितींच्या संख्येने भागून मोजले जातात. बाजू चिकटवण्याच्या खेळातून संख्याशास्त्रातील झीटा फल बाहेर यावे, हा त्या काळी विस्मयाचा विषय ठरला. पुढे १९९२ साली मॅक्सिम कोन्त्सेविच यांनी याच प्रकारच्या फीत-आलेखांचा उपयोग करून विटेन यांची अटकळ सिद्ध केली.

येथे भारतातील, किंबहुना मुंबईतील, एका समांतर परंपरेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी १९६५ साली वक्रावरील स्थिर सदिश गठ्ठ्यांच्या मोड्युलाय अवकाशाविषयीचे प्रसिद्ध प्रमेय सिद्ध केले. त्यानंतर १९७५ साली ग्युंटर हार्डर आणि नरसिंहन यांनी या अवकाशाच्या बेट्टी संख्या काढण्यासाठी सांत क्षेत्रावरील बिंदूंची मोजणी केली. त्याच वर्षी उषा देसले आणि एस. रामनन यांनीही याच अवकाशांच्या प्वांकारे बहुपदींवरील कार्य प्रसिद्ध केले. हार्डर-नरसिंहन पद्धतीतून मिळणारा आवर्ती संबंध अतिया व बॉट यांनी १९८३ साली अगदी वेगळ्या मार्गाने पुन्हा प्राप्त केला आणि झागिर यांनी १९९६ साली तो कॉम्बिनेटोरिक्सच्या साहाय्याने सोडवून दाखवला. मोजणीतून आकाराकडे जाण्याची कल्पना मराठी प्रदेशातील अभ्यासकांना अशा रीतीने नवीन नाही. या परंपरेशी तुलना केल्यास नव्या पद्धतीचे बळ आणि दुबळेपण दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

३. एक उदाहरण : चेंडूवरील पाच बिंदू

पद्धतीची चिकित्सा करण्यापूर्वी तिचे सर्वांत लहान अर्थपूर्ण उदाहरण पाहणे इष्ट ठरेल. जीनस ० च्या पृष्ठावर पाच भिन्न बिंदू चिन्हांकित केले आहेत असे समजावे. योग्य रूपांतरणाने त्यांपैकी तीन बिंदू ०, १ आणि अनंत या ठिकाणी आणता येतात. उरलेले दोन बिंदू या तिन्हींपासून आणि एकमेकांपासून भिन्न असले पाहिजेत. 'क' घटक असलेल्या सांत क्षेत्रावर पहिल्या बिंदूसाठी क − २ आणि दुसऱ्यासाठी क − ३ पर्याय राहतात. त्यामुळे एकूण संख्या (क − २)(क − ३), म्हणजे क² − ५क + ६ येते. या अवकाशाच्या बेट्टी संख्याही १, ५ आणि ६ अशाच आहेत. मोजणीने येथे संपूर्ण आकार सांगितला.

आता दुसरा मार्ग पाहू. पाच बिंदूंपैकी दोन बिंदू एकमेकांच्या अगदी जवळ येऊ लागले, की पृष्ठ दोन चेंडूंमध्ये फाटते. दलीन्य आणि मम्फर्ड यांनी १९६९ साली वक्रांच्या अवकाशाला अशा फाटलेल्या वक्रांची सीमा जोडून तो संहत केला. चिन्हांकित बिंदूंच्या बाबतीतही हीच रचना लागू पडते. पाचांतून दोन निवडण्याचे प्रकार १० असल्याने सीमेचे घटकही १० असतात. दोन घटक एकमेकांना छेदतात ते केवळ त्यांच्या जोड्या परस्परविभक्त असतील तेव्हाच. असे १५ छेद आहेत. घटकांना शिरोबिंदू आणि छेदांना कडा मानले, की १० शिरोबिंदू व १५ कडा असलेला पीटरसन आलेख तयार होतो. या आलेखातील स्वतंत्र चक्रांची संख्या १५ − १० + १ = ६ आहे. वर आलेली शेवटची बेट्टी संख्याही ६ च आहे. हा योगायोग नव्हे. सीमेच्या आलेखातील चक्रे मूळ अवकाशाच्या सर्वोच्च भाराच्या कोहोमॉलॉजीशी जुळतात, या सर्वसाधारण तत्त्वाचे हे उदाहरण आहे.

तथापि याच उदाहरणात पद्धतीची मर्यादाही दिसून येते. पीटरसन आलेखाने ६ ही संख्या सांगितली. ५ ही संख्या त्याला दिसली नाही. दलीन्य यांच्या सिद्धांतानुसार कोहोमॉलॉजीच्या प्रत्येक घटकाला एक भार असतो. सीमेचा आलेख फक्त सर्वोच्च भाराचे घटक पाहू शकतो. उर्वरित भारांच्या बाबतीत तो आंधळा असतो. पुढील संपूर्ण चर्चेत ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

४. चॅन, गालाटिउस व पेन यांचे कार्य

चॅन, गालाटिउस व पेन यांनी हीच कल्पना जीनस 'ग' च्या वक्रांना लावली. फाटलेल्या वक्राच्या प्रत्येक तुकड्यासाठी एक शिरोबिंदू आणि प्रत्येक जोडबिंदूसाठी एक कडा घेतली, की एक आलेख मिळतो. कडांना लांबी देऊन एकूण लांबी १ ठेवली, तर अशा सर्व आलेखांचा मिळून एक नवा अवकाश तयार होतो. यालाच उष्णकटिबंधीय वक्रांचा मोड्युलाय अवकाश म्हणतात. मूळ अवकाशातील सर्वोच्च भाराची कोहोमॉलॉजी या आलेखांच्या अवकाशाच्या होमॉलॉजीशी जुळते. आलेखांची संख्या सांत असल्याने तत्त्वतः हा प्रश्न मोजणीचा होतो.

लेखकत्रयीचे पहिले महत्त्वाचे पाऊल म्हणजे अनावश्यक आलेख बाजूला सारणे. ज्या आलेखात एखादी कडा स्वतःच्याच शिरोबिंदूला परत येते किंवा ज्यातील एखाद्या शिरोबिंदूला स्वतःचा जीनस असतो, अशा आलेखांचा भाग आकुंचनक्षम असतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्यामुळे तो भाग मोजणीतून वगळता येतो. जे उरते ते कोन्त्सेविच यांनी पूर्वीच मांडलेले आलेख-संकुल होय.

दुसरे पाऊल चाकांचे आहे. बैलगाडीच्या चाकाप्रमाणे एका मध्यबिंदूपासून 'ग' आरे निघतात आणि त्यांची टोके 'ग' कडांच्या परिघाने जोडलेली असतात, असा आलेख घ्यावा. त्यात २ग कडा असतात. आलेख-संकुलात कडांचा क्रम विचारात घेतला जातो. एखाद्या आलेखाच्या सममितीमुळे कडांचे विषम क्रमचय होत असेल, तर तो आलेख स्वतःच्याच उणे चिन्हासह समान होऊन नाहीसा होतो. चार आऱ्यांच्या चाकाला समोरासमोरच्या दोन आऱ्यांवरून दुमडले, तर आऱ्यांची एक जोडी आणि परिघाच्या दोन जोड्या, अशा एकूण तीन अदलाबदली होतात. तीन ही संख्या विषम असल्याने ते चाक नाहीसे होते. पाच आऱ्यांच्या चाकात अशा चार अदलाबदली होतात, म्हणून ते टिकते. अशा प्रकारे विषम आऱ्यांची चाके टिकतात. ती केवळ टिकतात असे नव्हे, तर आलेख-संकुलात अशून्य घटक निर्माण करतात. २ग कडांचे चाक द्वैतनियमाने (६ग − ६) − २ग, म्हणजेच ४ग − ६ या पातळीवर मूळ अवकाशाची कोहोमॉलॉजी देते. जीनस ३ साठी ही पातळी ६ येते. तेथील अशून्य घटक लोयेंगा यांनी १९९३ सालीच शोधला होता.

तिसरे पाऊल या चाकांपासून नवीन घटक निर्माण करण्याचे आहे. थॉमस विलवाखर यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमेयानुसार आलेख-संकुलाचा एक भाग ग्रोथेंडीक-टाइशम्युलर ली बीजगणिताशी समरूप आहे आणि फ्रान्सिस ब्राउन यांच्या २०१२ सालच्या कार्यातून त्या बीजगणितात ३, ५, ७, ९ अशा प्रत्येक विषम स्थानी एक जनक असलेले मुक्त ली बीजगणित सामावलेले आहे असे निष्पन्न होते. ३ आणि ५ चा कंस घेतला की ८ मिळतो. ३ चा स्वतःशीच कंस शून्य असल्याने ६ मिळत नाही. यावरून जीनस ३, ५ आणि ७ पासून पुढील प्रत्येक जीनससाठी ४ग − ६ या पातळीवरील कोहोमॉलॉजी अशून्य आहे, असा निष्कर्ष निघतो. तिची मिती जीनसबरोबर किमान घातांकी वेगाने वाढते. या वाढीचा पाया सुमारे १.३२४७ पर्यंत घेता येतो. ही संख्या म्हणजे घन उणे स्वतः उणे एक बरोबर शून्य या समीकरणाचे वास्तव मूळ होय.

या निष्कर्षाचे महत्त्व असे, की चर्च, फार्ब आणि पुटमन यांनी २०१४ साली मांडलेली अटकळ आणि कोन्त्सेविच यांची त्याहून जुनी व अधिक व्यापक अटकळ, या दोन्ही चुकीच्या ठरल्या. जीनस पुरेसा मोठा घेतल्यास वरच्या टोकाकडील कोहोमॉलॉजी शून्य होईल, असे चर्च, फार्ब व पुटमन यांच्या अटकळीचे स्वरूप होते. अटकळ निराधार नव्हती. ४ग − ५ या पातळीवर ती खरीच आहे आणि जीनस ४ साठी तोमासी यांनी २००५ साली काढलेल्या कोहोमॉलॉजीत ४ग − ६ म्हणजे १० व्या पातळीवर काहीही नाही. लहान जीनसमधील माहितीवरून सर्वसाधारण नियम बांधण्याचा मोह किती धोक्याचा असतो, याचा हा धडा केवळ गणितापुरता मर्यादित नाही.

५. चिकित्सा

या कार्याचे मोल मान्य करूनही काही प्रश्न उपस्थित करणे आवश्यक ठरते.

पहिला प्रश्न 'कॉम्बिनेटोरिक्स' या विशेषणाचा. या निष्कर्षाचे वर्णन 'आलेखांच्या मोजणीने मिळालेले यश' असे करणे अर्धसत्य ठरेल. आलेखांनी प्रश्नाचे भाषांतर केले, ही बाब निर्विवाद आहे. चाकांचे अशून्य असणेही आलेखांच्या भाषेत सांगता येते. तथापि घातांकी वाढीचा उगम आलेखांत नाही. तो ब्राउन यांच्या प्रमेयात आहे आणि ते प्रमेय पूर्णांकांवरील मिश्र टेट मोटिव्हच्या सिद्धांतावर उभे आहे. अंकगणितातील एक खोल सत्य आलेखांच्या पुलावरून भूमितीत आले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. पुलाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही; परंतु पूल म्हणजे उगम नव्हे.

दुसरा प्रश्न व्याप्तीचा. हेरर व झागिर यांच्या सूत्रावरून मोड्युलाय अवकाशाचा ऑयलर लक्षणांक घातांकी वेगापेक्षाही अधिक वेगाने वाढतो, हे १९८६ पासून ज्ञात आहे. म्हणजे बेट्टी संख्यांची बेरीजही तितक्याच वेगाने वाढली पाहिजे. त्या तुलनेत एका पातळीवरील १.३२४७ च्या घाताने होणारी वाढ अल्प आहे. बोरिन्स्की आणि झाकोर्को यांनी २०२४ साली आलेख-संकुलाच्या ऑयलर लक्षणांकाचे अनंतवर्ती सूत्र सिद्ध केले. त्यामुळे सर्वोच्च भाराची एकूण कोहोमॉलॉजीही घातांकी वेगाहून जलद वाढते, हे आता निश्चित झाले आहे. ही उपलब्धी मोठी आहे. मात्र ती एक विरोधाभासही समोर आणते. ऑयलर लक्षणांक ही सम व विषम पातळ्यांवरील संख्यांची वजाबाकी असते. ती फार मोठी आली, तर पुष्कळ घटक आहेत हे ठरते. पण ते कोणत्या पातळीवर आहेत, याचा पत्ता लागत नाही. ज्या घटकांचे अस्तित्व सिद्ध झाले आहे, त्यांपैकी ज्यांचे नाव आणि ठिकाण सांगता येते असे घटक फारच थोडे आहेत. चॅन, फाबर, गालाटिउस व पेन यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात चिन्हांकित बिंदूंच्या क्रमचयांसह सर्वोच्च भाराच्या ऑयलर लक्षणांकाचे झागिर यांनी सुचवलेले सूत्र सिद्ध केले. सममित फलांच्या वापराचा तो उत्कृष्ट नमुना आहे. परंतु वरील आक्षेप त्यालाही तितकाच लागू पडतो.

हार्डर-नरसिंहन परंपरेशी तुलना येथे उद्बोधक ठरते. गठ्ठ्यांचा क्रमांक व अंश परस्परमूळ असताना त्यांचा मोड्युलाय अवकाश संहत आणि गुळगुळीत असतो. अशा अवकाशात प्रत्येक पातळीवर एकच भार असतो. म्हणून बिंदूंच्या मोजणीतून प्रत्येक बेट्टी संख्या स्वतंत्रपणे वाचता येते. पाच बिंदूंच्या उदाहरणातही अवकाश संहत नसूनही प्रत्येक पातळीला एकच भार असल्याने मोजणी यशस्वी झाली. जीनस 'ग' च्या वक्रांच्या अवकाशात भार आणि पातळ्या एकमेकांत मिसळतात. त्यामुळे तीच मोजणी केवळ वजाबाकी देऊन थांबते. याचा अर्थ असा, की मोजणीचे सामर्थ्य मोजणाऱ्याच्या कौशल्यापेक्षा मोजल्या जाणाऱ्या अवकाशाच्या स्वभावावर अधिक अवलंबून असते. नव्या पद्धतीचे मूल्यमापन करताना हा भेद दुर्लक्षिला जाऊ नये.

तिसरा प्रश्न आलेखांच्या स्वयंपूर्णतेचा. सर्वोच्च भाराबाहेर गेल्यास काय होते? पेन आणि विलवाखर यांनी २०२१ पासून भार २ आणि भार ११ यांच्या संहत-आधारित कोहोमॉलॉजीचा अभ्यास आलेख-संकुलांच्याच साहाय्याने केला आहे. येथे ११ हीच संख्या का यावी, याचे उत्तर आलेखांत सापडत नाही. संहत मोड्युलाय अवकाशांची १, ३, ५, ७ आणि ९ या पातळ्यांवरील कोहोमॉलॉजी शून्य आहे. पहिल्या तिन्हींबाबत आर्बारेल्लो व कोर्नाल्बा यांनी १९९८ साली, तर उर्वरित दोन्हींबाबत बेर्गस्ट्रोम, फाबर आणि पेन यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे दाखवले आहे. ११ व्या पातळीवर प्रथमच अशून्य घटक मिळतो. तो जीनस १ च्या व ११ बिंदू चिन्हांकित केलेल्या वक्रांच्या अवकाशात. त्याचे मूळ १२ भाराच्या मोड्युलर रूपात आहे. त्या रूपाचे सहगुणक म्हणजेच श्रीनिवास रामानुजन यांनी १९१६ साली अभ्यासलेले टाऊ फल होय. या अभ्यासातील आलेखांत एका विशेष शिरोबिंदूवर हा अंकगणितीय घटक ठेवावा लागतो. बाकी सर्व मोजणी आलेखांची. परंतु त्या एका शिरोबिंदूवर जे बसले आहे ते मोजणीने निर्माण होत नाही. कॉम्बिनेटोरिक्स रचना पुरवते, आशय अन्यत्रून येतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

चौथा प्रश्न व्यवहाराचा. प्रश्न 'सांत' झाला म्हणजे सोपा झाला, असा समज विद्यार्थ्यांत आणि कधीकधी अध्यापकांतही आढळतो. जीनस २ साठी स्थिर आलेखांचे प्रकार ७ आहेत, जीनस ३ साठी ४२ आणि जीनस ४ साठी ३७९. ही वाढ पाहता संगणकाच्या साहाय्याने लहान जीनसपलीकडे जाणे दुष्कर होते. सर्व जीनससाठी आलेख-संकुलाच्या कोहोमॉलॉजीचे संपूर्ण वर्णन आजही उपलब्ध नाही. म्हणजे एक अवघड प्रश्न दुसऱ्या अवघड प्रश्नात रूपांतरित झाला आहे. तरीही हे रूपांतर व्यर्थ ठरत नाही, कारण दुसऱ्या प्रश्नावर वेगळ्या शाखांतील अभ्यासकांनी आधीच काम केलेले होते आणि त्या श्रमाचा लाभ भूमितीला मिळाला.

६. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) बीजगणितीय कॉम्बिनेटोरिक्सने वक्रांच्या मोड्युलाय अवकाशाविषयीचे दोन मोठे गैरसमज दूर केले. वरच्या पातळ्या रिकाम्या असतील ही अपेक्षा चुकीची ठरली आणि सीमेवरील आलेख हे केवळ हिशोबाचे साधन नसून अवकाशाच्या आकाराचा एक भाग स्वतःत धारण करतात, हे सिद्ध झाले.

२) ही पद्धत निवडक भारांपुरतीच पाहू शकते. पीटरसन आलेखाला ६ दिसतात व ५ दिसत नाहीत, ही मर्यादा सर्व जीनसमध्ये कायम राहते. म्हणून तिच्या निष्कर्षांना संपूर्ण अवकाशाचे वर्णन समजणे योग्य नव्हे.

३) मोजणीला मिळालेले सर्वांत मोठे यश ज्या ठिकाणी आहे, त्या ठिकाणी ती एकटी नाही. ब्राउन यांचे मोटिव्ह किंवा रामानुजन यांचे टाऊ फल यांच्याविना आलेखांची मांडणी अपुरी राहते.

४) हार्डर व नरसिंहन यांच्या कार्याशी तुलना करता असे दिसते, की मोजणीतून आकार पूर्णपणे वाचता येणे हा नियम नसून अवकाशाच्या शुद्धतेवर अवलंबून असलेला विशेष लाभ आहे.

महाविद्यालयीन स्तरावर आलेख-सिद्धांत, क्रमचय व संचय आणि टोपोलॉजी हे विषय बहुधा स्वतंत्र प्रश्नपत्रिकांत विभागलेले असतात. चौरसाच्या बाजू चिकटवण्याचे तीन प्रकार, पीटरसन आलेखातील सहा चक्रे आणि चार आऱ्यांच्या चाकाचे नाहीसे होणे, ही तिन्ही उदाहरणे पदवीच्या विद्यार्थ्याला कागद-पेन्सिलीने तपासता येतात. त्यांतून या विषयांमधील भिंत किती पातळ आहे, हे त्याच्या लक्षात येईल. त्याच वेळी मोजून आलेली संख्या आणि समजलेला आकार यांत फरक असतो, हेही त्याला शिकवले गेले पाहिजे. चॅन, गालाटिउस व पेन यांच्या निबंधाचे स्थायी महत्त्व त्याने मोडीत काढलेल्या अटकळींपेक्षा या फरकाची जाणीव तीव्र करण्यात अधिक आहे. अवकाशात असंख्य घटक आहेत हे आता सिद्ध झाले आहे. त्यांपैकी प्रत्येकाचे ठिकाण आणि कारण शोधण्याचे काम पुढील संशोधकांसाठी शिल्लक आहे.